पोहायला शिकवणं : एक पूर्ण वेळाचं काम

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘ओळख व्यवसायाची’ या रविवारच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



समितीनं मला बोलवलं तेव्हा मला वाटलं, उन्हाळी बॅचची माहिती द्यायची असेल. मी वेळापत्रक घेऊनच आले होते. सचिव म्हणाले, “नाही मॅडम, करिअर म्हणून बोला.” खरं सांगते, हा शब्द माझ्या कामाला फारसा कुणी लावत नाही. एकवीस वर्षं मी हे काम करते आहे, तरी लग्नकार्यात भेटलेली माणसं विचारतात, “टँकवर असता ते कळलं, पण बाकी काय करता?” तर आज ‘बाकी काय’ नाही, टँकवर काय करते तेच सांगते.

आधी एक घोटाळा दूर करू. आपण सगळ्यांनाच ‘स्विमिंगचे सर’ म्हणतो, पण काठावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसांची कामं तीन वेगवेगळी असतात. पहिला जीवरक्षक. त्याचं काम फक्त बघणं आणि वेळ आली तर बाहेर काढणं. दुसरा प्रशिक्षक, म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्याला पाण्यात उभं करून पोहता येईपर्यंत नेणारा. तिसरा कोच, ज्याला पोहता येतं त्याचा वेग वाढवणारा, स्पर्धेला तयार करणारा. आपल्या कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. ते बंगळूरला निहार अमीन यांच्याकडे सराव करत. अमीन यांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हे झालं कोचचं काम. मी यातली मधली. माझ्याकडे येणाऱ्याला पदक नको असतं. त्याला नाकात पाणी न जाता पलीकडच्या काठाला पोचायचं असतं.

आता प्रशिक्षक होण्यासाठी काय लागतं? सगळ्यांना वाटतं, उत्तम पोहता आलं पाहिजे. ते तर हवंच. पण तेवढ्यानं भागत नाही. उलट लहानपणापासून पोहणाऱ्याला शिकवणं कधी कधी जड जातं, कारण पाणी न येणं म्हणजे काय हेच तो विसरलेला असतो. तो सांगतो, “रिलॅक्स, अंग सैल सोडा.” अहो, छातीत धडधडतंय त्याला अंग सैल कसं सोडायचं ते कुणी सांगायचं?

मी काय करते ते सांगते. पहिले दोन-तीन दिवस हातपाय मारणं नाही. उथळ बाजूला उभं राहायचं, काठाचा बार धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे. श्वास तोंडानं बाहेर, पाण्यातच. मोठ्यांना हे पोरकट वाटतं. पण न येणारा माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो, वर आला की एकाच वेळी सोडायला आणि घ्यायला बघतो, आणि तिथेच दमतो. त्याचे हातपाय नाही, श्वास आधी हरतो. बुडबुडे जमले की तरंगणं. मग काठाला पाय लावून सरळ घसरत जाणं, म्हणजे ग्लाइड. मग पायांची किक. हात सगळ्यात शेवटी. पालक तिसऱ्या दिवशी विचारतात, “हात कधी शिकवणार?” आणि मी रोज तेच उत्तर देते, “तोंड पाण्यात राहिलं की लगेच.”

तरंगण्याचं गणित सोपं आहे, तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच तुमच्या नातवाला सांगाल. माणसाचं शरीर पाण्यापेक्षा फार जड नसतं. छातीभर श्वास घेतला तर बहुतेक जण तरंगतात. पण हवा असते छातीत आणि वजन तोललं जातं कमरेपाशी. म्हणून छाती वर राहते आणि पाय खाली जातात. घाबरलेला माणूस डोकं पाण्याबाहेर काढतो. डोकं वर गेलं की पाय आणखी खाली, आणि माणूस पाण्यात उभा. उभा माणूस पुढे जात नाही, फक्त दमतो. म्हणून आम्ही सारखं ओरडतो, “मान खाली, कान पाण्यात!” ते शिस्त म्हणून नसतं, त्यामागे हे कारण असतं.

आपल्या आधीच्या पिढीनं विहिरीत शिकलंय. पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधायचा, काकानं वरून ढकलून द्यायचं, की मुटका मारल्यासारखं पाण्यात आणि हातपाय झाडत वर. इथे बसलेल्या कितीतरी काकांनी मला हे अभिमानानं सांगितलंय, आणि “तुमचे हे बुडबुडे कशाला?” असंही विचारलंय. काका, तुम्ही शिकलात हे खरं. पण त्याच विहिरीवरून जो मुलगा रडत घरी गेला आणि पुन्हा कधी पाण्यात उतरलाच नाही, तो हा किस्सा सांगायला येत नाही. माझ्याकडे पंचेचाळिशीत येणाऱ्यांतले बरेच जण तेच असतात. चेहऱ्यावर पाणी आलं की त्यांचा हात आपोआप माझ्या मनगटावर आवळतो. इतक्या वर्षांनीसुद्धा.

या कामातला खरा कसबाचा भाग तो मनगटाचाच आहे. पाठीवर तरंगायला शिकवताना मी पाठीखाली दोन हात धरते. मग एक. मग दोन बोटं. मग नुसता आधार असल्याचा भास. हात कधी काढायचा हे पुस्तकात लिहिता येत नाही. लवकर काढला तर तो माणूस पुन्हा विश्वास ठेवणार नाही. उशिरा काढला तर तो माझ्या हातावरच पोहत राहील. आणि काढणार असेन तर सांगूनच काढते. “आता सोडतेय हं” म्हणते आणि सोडते. फसवून सोडलेलं मूल त्या दिवशी तरंगतं, पण दुसऱ्या दिवशी येत नाही.

एक ६१ वर्षांच्या आजी होत्या. नातू पोहायला येई म्हणून रोज काठावर टॉवेल घेऊन बसत. त्यांनी बायकांच्या बॅचला नाव घातलं तेव्हा घरच्यांनाच हसू आलं. अकरा दिवस त्या काठाचा बार सोडत नव्हत्या. बाराव्या दिवशी म्हणाल्या, “आज तू बाजूला नको, समोर उभी राहा.” आणि चार फूट आल्या. फक्त चार फूट. स्पर्धेच्या तलावाची लांबी ५० मीटर असते. तिथे हजारो लांब्या मारलेल्या मुली मी पाहिल्यात, पण ते चार फूट मी विसरत नाही. दुसऱ्याचे असे चार फूट बघून ज्याला मनापासून आनंद होतो, त्यानं या कामात यावं. ज्याला स्वतः पोहण्यातच आनंद आहे त्यानं जरूर पोहावं, पण शिकवायला येऊ नये. प्रशिक्षकाला स्वतःला पोहायला मिळतच नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो आणि डोकी मोजत असतो.

डोकी मोजणं. हे मी मुद्दाम म्हणतेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात दरवर्षी तीस हजारांहून जास्त मृत्यू बुडण्याचे असतात. ते सगळे समुद्रात आणि महापुरात जात नाहीत. विहिरी, शेततळी, कालवे, धरणाचं साठलेलं पाणी, पावसाळी सहलीचा धबधबा, अशा रोजच्या जागी जातात. २५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरवला आहे. आपल्याकडे तो नेमका वर्षासहलींच्या दिवसांत येतो.

आणि बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा “वाचवा, वाचवा” ओरडत नाही, हात हलवत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असतं, मिळालेला क्षण श्वास घेण्यात जातो, ओरडायला हवाच नसते. हात वर येत नाहीत, ते पाण्यावर दाब देत असतात. तो उभाच असतो, आणि लांबून खेळत असल्यासारखा दिसतो. काही सेकंद, फार तर मिनिटभर, आणि मग खाली. हे सगळं शांतपणे होतं. म्हणून प्रशिक्षकानं मोबाइल बघायचा नसतो, पालकांशी पाठ फिरवून बोलायचं नसतं. माझ्याशी काठावर बोलताना मी तुमच्याकडे बघत नाही, म्हणून कुणाला राग येतो. राग मानू नका. मी तुमच्या मुलाकडे बघत असते.

याच कारणानं मी एक नोकरी सोडली आहे. नाव सांगत नाही, गरज नाही. उन्हाळ्यात तिथे माझ्या एका बॅचला तीस मुलं दिली, सगळी नवशिकी, आणि जीवरक्षक सुट्टीवर. मी म्हटलं, लहान नवशिकी मुलं मी एका वेळी सहा ते आठच घेते. उत्तर मिळालं, “मॅडम, सीझन आहे, सगळेच घेतात.” मे महिना म्हणजे आमची सुगी, वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा तेव्हाच येतो. त्याच मे महिन्यात मी घरी बसले. घरात तेव्हा आमच्या ह्यांची नोकरी बदलत होती, मुलाची फी भरायची होती. पण तीस डोकी एका माणसाला मोजता येत नाहीत, हे गणित सीझननं बदलत नाही.

आता मुलांसाठी. आपल्याच सोसायटीतली एक मुलगी आहे, यंदा बारावी झाली. चांगली पोहते, राज्य पातळीपर्यंत गेली. तिला माझ्यासारखं काम करायचंय. आईवडिलांना काळजी वाटते. नाव न घेता विषय काढायला त्यांनी परवानगी दिली आहे आणि ते समोर बसले आहेत. दादा, वहिनी, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून कडू बाजू आधी सांगते.

पहाटे पाचला टँकवर. सकाळच्या बॅचेस नऊ-दहापर्यंत, मग दुपार मोकळी, मग चार ते आठ पुन्हा. म्हणजे सगळं जग घरी असतं तेव्हा आपण कामावर. सण, रविवार, शाळेच्या सुट्ट्या, हेच आमचे गर्दीचे दिवस. एप्रिल-मेमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो आणि जुलैत बॅचेस गळतात. थंडीत आणखी कमी. अनेक ठिकाणी पगार नसतो, बॅचप्रमाणे पैसे मिळतात. टँक दुरुस्तीला बंद झाला की कमाई बंद. केस, त्वचा, डोळे यांवर क्लोरीनचा परिणाम होतो, कान जपावे लागतात, घसा बसतो. चाळिशीनंतर खांदा आणि कंबर बोलायला लागतात. पेन्शन बहुतेकांना नाही. स्वतःचा आरोग्य विमा स्वतः काढावा लागतो.

आता दुसरी बाजू. शिकायची सोय आहे. पतियाळाला नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ पासूनची. तिथला पदविका अभ्यासक्रम आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम या क्षेत्रात सगळीकडे ओळखले जातात. आमच्या भाषेत नुसतं ‘एनआयएस केलंय का?’ असंच विचारतात. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर पदवीनंतर बी.पी.एड. करता येतं. पुण्यात त्यासाठी आगाशे महाविद्यालयासारखी जुनी संस्था आहे. आणि जीवरक्षकाचं प्रशिक्षण व प्रथमोपचार यांना पर्याय नाही, ते केल्याशिवाय पाण्यात कुणाचा हात धरू नये.

काम कुठे मिळतं? महापालिकांचे तलाव, क्लब, जिमखाने, शाळा, हॉटेलं, आणि आता मोठ्या गृहसंकुलांतले टँक. शिवाय असे दोन वर्ग आहेत ज्यांना चांगला प्रशिक्षक सहज मिळत नाही. एक, बायका. कितीतरी जणींना शिकायचं असतं, पण शिकवायला बाई हवी असते, आणि बायका प्रशिक्षक कमी आहेत. दुसरा, अपंग मुलं आणि माणसं. पाण्यात शरीराचा भार कमी होतो, जमिनीवर न होणारी हालचाल तिथे होते. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवा. सैन्यात बॉक्सिंग करणारा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाला. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आला. प्रत्येक जण पेटकर होणार नाही. पण खुर्चीवरून उतरून पाण्यात मोकळं होण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तिथे हात धरायला जाणकार माणूस लागतो.

तर दादा-वहिनी, माझं मत असं. तिला नाही म्हणू नका, आणि आंधळेपणानं हो पण म्हणू नका. पदवीला प्रवेश घेऊ दे. सोबत जीवरक्षकाचं प्रशिक्षण करू दे. आणि पूर्ण एक वर्ष, फक्त उन्हाळा नाही, जुलै आणि डिसेंबर धरून, एखाद्या जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करू दे. जानेवारीच्या थंडीत पहाटे पाचला, तीनच मुलं आलेली असताना, ती तितक्याच उत्साहानं बुडबुडे काढायला लावत असेल, तर तिला हे काम जमणार. नसेल जमत, तर हातात पदवी आहे आणि आयुष्यभर उपयोगी पडेल असं कौशल्यही. माझ्याकडे यायचं असेल तर दार उघडं आहे, पण मी तिला सोडणार नाही हं, उशीर चालत नाही माझ्याकडे.

शेवटी सगळ्यांसाठी चार गोष्टी. मुलाला कुठेही पोहायला घालताना फी आणि गाडी लावायला जागा एवढंच विचारू नका. एक : एका प्रशिक्षकाकडे किती मुलं? दोन : शिकवणाऱ्याशिवाय वेगळा जीवरक्षक आहे का? तीन : काठावर उभं राहून खोल बाजूचा तळ स्पष्ट दिसतो का? दिसत नसेल तर उतरू नका. चार : पाणी कधी तपासतात, आणि नोंदवही दाखवतात का? मोकळं क्लोरीन दर दहा लाख भागांत १ ते ३ आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. आणि हो, डोळ्यांत जाणारा उग्र वास आला की लोक म्हणतात, “वा, भरपूर क्लोरीन आहे.” उलट आहे. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. म्हणून उतरण्याआधी आंघोळ करा म्हणतो आम्ही. मागची रांग, ऐकताय ना?

सहलीला गेलात आणि कुणी बुडताना दिसलं, तर पोहता येत असलं तरी आधी उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याला धरून खाली नेतो. आधी काठी, ओढणी, दोर पुढे करा. नाहीतर रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेका. मदतीला हाका मारा, १०८ ला फोन करा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडानं श्वास आणि छातीवर दाब सुरू करायचा : तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, मदत येईपर्यंत. बुडालेल्याला हवेचीच वाण पडलेली असते, म्हणून नुसते दाब देऊन थांबायचं नाही. हे ऐकून येत नाही, हातानं करून येतं. समितीला माझी विनंती आहे, रौप्यमहोत्सवी वर्षात एक रविवार यासाठी द्या. सराव मी घेईन, फी नाही. वॉचमनदादा, घरकामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना बोलवा.

पंचवीस वर्षांपूर्वी ही इमारत उभी राहिली तेव्हा इथली मुलं जिन्यात लपाछपी खेळत होती. त्यांची मुलं आता माझ्या बॅचला येतात. त्यांच्यातलं प्रत्येक मूल दहावी व्हायच्या आत पन्नास मीटर पोहू शकलं पाहिजे आणि दोन मिनिटं पाठीवर तरंगू शकलं पाहिजे, एवढंच मला हवंय. उद्या सकाळी बॅच आहे, साडेपाचला. टोपी आणि गॉगल विसरू नका.